बारा हजारांची बाटली की पाच मिलीची कुपी? महागडा परफ्यूम घेण्याआधी एवढं बघाच

लगीनसराई जवळ आली की तालुक्याच्या गावात कापड दुकानं आणि सराफकट्टा गजबजतो. त्यात आता आणखी एका खरेदीची भर पडली आहे. रीलमधला कुणीतरी सांगतो, ‘हा मारला की लोक वळून बघतात,’ आणि पोरं त्या परफ्यूमचं नाव मोबाईलवर शोधू लागतात. किंमत दिसली की बोट थांबतं. डिओर कंपनीचा सोवाज असो किंवा शनेलचा ब्ल्यू द शनेल, शंभर मिलीची अस्सल बाटली आपल्याकडे दहा हजारांच्या पुढेच जाते. क्रीड कंपनीच्या अव्हेंटसला तर पंचवीस हजारही पुरत नाहीत. दुसरीकडे बसस्टँडसमोरच्या टपरीवर अगदी तसंच दिसणारं खोकं पाच-सहाशेला मिळतं. वर हमी असते, ‘फर्स्ट कॉपी आहे भाऊ, फरक कळणार नाही.’

दुधाचा दहा दिवसांचा पगार किंवा उसाच्या बिलातले पैसे मोडून बारा हजारांची बाटली आणायची, आणि चौथ्या दिवशी कळायचं की त्या वासानं आपलंच डोकं दुखतं, हे परवडणारं नाही. उघडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही. टपरीवरच्या खोक्यात काय भरलंय ते भरणाऱ्यालाच माहीत. या दोन्हींच्या मधली एक वाट म्हणजे डीकँट. अस्सल मोठ्या बाटलीतला परफ्यूम दोन, पाच किंवा दहा मिलीच्या छोट्या काचेच्या कुपीत काढून विकतात, त्याला डीकँट म्हणतात. शहरातल्या शौकिनांमध्ये हा प्रकार रुळलेला आहे. कुरिअर आता गावोगाव पोचतं, त्यामुळे सांगोला, माढा, करमाळ्यातली पोरंही अशा कुप्या मागवू शकतात. मागवताना काय बघायचं, हे मात्र त्यांना सांगायला कुणी नसतं.

अत्तरवाल्याचा फाया आठवा

खरं तर आपल्याकडे ही पद्धत नवीन नाही. उरुसात, यात्रेत, आठवडे बाजारात बसणारा अत्तरवाला काय करायचा? पेटी उघडायची, काचेची कांडी हिन्याच्या, खसाच्या कुपीत बुडवून गिऱ्हाइकाच्या मनगटावर फिरवायची, कापसाचा फाया कानात खोचायला द्यायचा आणि म्हणायचं, ‘बाजार फिरून या, मग सांगा.’ गिऱ्हाईक भाजी घेऊन, चहा पिऊन परत यायचं तोवर वास अंगावर मुरलेला असायचा. पटला तर पाव तोळा, अर्धा तोळा घ्यायचं. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. शंभर मिली हिना कुणी घरी नेत नव्हतं. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर लावायचं अत्तरही अशाच बोटभर कुपीतून वर्षानुवर्षं पुरायचं. पंढरपुरात बुक्का, अष्टगंध विकणाऱ्या दुकानांत अत्तराच्या लहान कुप्या आजही मिळतात.

युरोपातल्या कंपन्यांचा परफ्यूम आला तो सीलबंद बाटलीत, तीस, पन्नास किंवा शंभर मिलीच्या मापात. त्याचं तोंड यंत्रानं आवळलेलं असतं. कंपनी ठरवेल त्या मापातच घ्यायचा. फाया गेला आणि त्याच्या जागी मॉलमधली कागदाची पट्टी आली. डीकँट हा एका अर्थी कुरिअरनं घरी आलेला फायाच आहे.

अत्तर आणि परफ्यूम यांत एक फरक मात्र आहे. पारंपरिक अत्तर तेलात असतं. कन्नौजचे कारागीर आजही तांब्याच्या डेगेत फुलं शिजवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं मिट्टी अत्तर तिथलंच. परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. अल्कोहोल उडतं आणि वास चटकन चौफेर पसरतो. तेल अंगाला चिकटून राहतं, अल्कोहोल थांबत नाही. म्हणूनच परफ्यूमची परीक्षा अत्तरापेक्षा अवघड असते.

पहिल्या पंधरा मिनिटांचा धोका

परफ्यूमचा वास एक नसतो, तो टप्प्याटप्प्यानं बदलत जातो. फवारा मारल्या मारल्या लिंबू, संत्रं, बर्गमॉट, मिरी असले हलके, टवटवीत वास येतात. ते पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात उडून जातात. मग मधला टप्पा येतो, त्यात बहुतेक फुलं आणि मसाले. तो काही तास टिकतो. शेवटी उरतो तो तळाचा वास. लाकूड, ऊद, व्हॅनिला, कस्तुरीसारखी कृत्रिम द्रव्यं त्यात असतात. संध्याकाळी शर्ट काढताना जो वास येतो तो हाच. दिवसाचा बराचसा वेळ माणूस याच वासासोबत असतो.

दुकानात विक्री होते ती पहिल्या टप्प्यावर. पुण्याच्या मॉलमध्ये गेलेला माणूस काउंटरवर पाच-सहा पट्ट्या हुंगतो. सहावीपर्यंत नाकाला काही कळेनासं झालेलं असतं. सेल्समन विचारतो, ‘सर, पॅक करू?’ एसीत, कागदावर, दहा मिनिटांत केलेल्या परीक्षेवर बारा हजारांचा निर्णय होतो.

आता तोच परफ्यूम मंगळवेढ्याला, मे महिन्यात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला अंगावर आहे असं धरा. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा पारा चाळीशी ओलांडलेला असतो. उन्हानं अल्कोहोल आणि हलकी द्रव्यं झपाट्यानं उडतात, म्हणून लिंबूवर्गी वास अक्षता पडेपर्यंतच संपतो. जाड, गोड, व्हॅनिला-ऊदवाला परफ्यूम उलट फुगतो. थंडीत जो वास ऊबदार वाटतो तोच मांडवात शेजारच्याला गुदमरवतो. त्यात घाम, पावडर आणि डोक्यावरचं सुगंधी तेल मिसळतं. कातडी कोरडी असेल तर वास कमी टिकतो, तेलकट असेल तर जास्त. हे सगळं कागदाच्या पट्टीवर कळणं शक्य नाही. पाच मिलीच्या कुपीचा खरा फायदा इथं आहे. दहा-पंधरा दिवस तो परफ्यूम आपल्या अंगावर, आपल्या उन्हात, आपल्या कामात वागवून बघता येतो. मोटारसायकलवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, एसटीच्या गर्दीत तो कसा वागतो ते तेव्हाच कळतं.

हिशेब काय बसतो?

समजा शंभर मिलीची बाटली १२,००० रुपयांना आहे. म्हणजे मिलीला १२० रुपये पडले. डीकँटवाला पाच मिलीची कुपी ९०० रुपयांना देतो, म्हणजे मिलीला १८०. मिलीच्या भावात बघितलं तर डीकँट दीडपट महाग. त्यात कुपी, स्प्रे, भरण्याची मेहनत, थोडी सांड-उड आणि त्याचा नफा आला. सुटं तेल आणि डबा यांच्या भावात फरक पडतो तसंच हे, फक्त इथं उलट आहे, सुटं महाग.

मग स्वस्त कशात? चूक झाली तर बुडणाऱ्या रकमेत. तीन परफ्यूम मनात आहेत, त्यातला कुठला जमेल माहीत नाही. तिन्हींच्या दोन-दोन मिलीच्या कुप्या चारशेच्या भावानं घेतल्या तर १,२०० रुपये गेले. दोन आवडले नाहीत तर नुकसान आठशेचं. थेट बाटली घेऊन चूक झाली असती तर बारा हजार कपाटात पडून राहिले असते.

कुपी किती पुरते, याचाही अंदाज हवा. एक मिलीत साधारण दहा ते पंधरा फवारे निघतात, स्प्रे किती बारीक आहे त्यावर ते ठरतं. दोन मिलीत वीस-पंचवीस फवारे, म्हणजे पाच-सहा वेळा लावून होतं. फक्त ओळख करून घ्यायची तर दोन मिली बास. उन्हाळा आणि हिवाळा दोन्हीत तपासायचं असेल तर पाच घ्यावी. एक मिलीच्या काही कुप्यांना स्प्रेच नसतो, नुसती काडी असते. काडीनं ठिपका लावून वास किती पसरतो ते कळत नाही, तेव्हा स्प्रेवालीच मागावी.

मागवताना नाव पूर्ण वाचणं महत्त्वाचं. एकाच नावाचे चार वेगळे परफ्यूम असतात. सोवाजचंच बघा. २०१५ मध्ये त्याचा ओ द त्वालेत आला, २०१८ मध्ये ओ द पार्फम, २०१९ मध्ये पार्फम आणि २०२१ मध्ये एलिक्सिर. बाटल्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, पण वास, तीव्रता आणि किंमत सगळं वेगळं. साधारणपणे ओ द त्वालेतमध्ये सुगंधी द्रव्याचं प्रमाण पाच ते पंधरा टक्के असतं, ओ द पार्फममध्ये पंधरा ते वीस आणि पार्फम म्हटलेल्यात त्याहून जास्त. डीकँटवाल्यानं नुसतं ‘सोवाज’ लिहिलं असेल तर कुठला, ते विचारूनच पैसे पाठवावेत. स्वस्तातला प्रकार महागाच्या भावानं खपवायला एवढीशी संदिग्धता पुरते.

कुपी हातात आल्यावर

आल्या आल्या चार मित्रांच्या हातावर मारून कुपी संपवणारे पुष्कळ असतात. त्यातून गंमत होते, परीक्षा होत नाही. बिनवासाच्या साबणानं अंघोळ केल्यावर, पावडर आणि सुगंधी तेल न लावता, एका मनगटावर दोन फवारे मारावेत. मनगटं एकमेकांवर घासू नयेत, घासण्यानं काही साधत नाही. लगेच निकाल देऊ नये. दहा मिनिटांनी, तासानं, जेवणानंतर आणि संध्याकाळी असं चार वेळा हुंगून मोबाईलमध्ये एक-एक ओळ लिहून ठेवावी. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करावं, त्यातला एक दिवस तरी उन्हात जाण्याचा असावा. एका दिवशी दोनपेक्षा जास्त परफ्यूम तपासू नयेत. मध्ये कॉफीचे दाणे हुंगले की नाक ताजं होतं असं दुकानात सांगतात, पण मोकळ्या हवेत पाच मिनिटं उभं राहिलं तरी तेच काम होतं.

सगळ्यात मोठी फसगत आपलं नाकच करतं. सतत येणाऱ्या वासाची त्याला सवय होते. गोठ्यात काम करणाऱ्याला गोठ्याचा वास येत नाही, तसंच. अर्ध्या तासानं लावणाऱ्याला वाटतं, उडाला. मग तो आणखी चार फवारे मारतो आणि शेजारी बसलेल्याचे हाल होतात. काही कस्तुरी-प्रकारची द्रव्यं तर काही लोकांच्या नाकाला मुळातच कळत नाहीत. त्यामुळे टिकतो की नाही, हे घरातल्या कुणाला तरी विचारावं. बायको किंवा आई खरं सांगते, मित्र सहसा सांगत नाहीत.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दिवसभर बघावं. खाज, पुरळ आलं तर तो परफ्यूम कितीही आवडला तरी अंगाला लावू नये. बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलातल्या काही द्रव्यांमुळे कातडी उन्हाला हळवी होते आणि डाग पडू शकतात, म्हणून शेतात जाताना मानेवर लिंबूवर्गी परफ्यूम मारून जाऊ नये. पैठणी किंवा रेशमी उपरण्यावर थेट फवारा मारला तर डाग राहू शकतो. अस्तराच्या बाजूला मारावा. आणि यात भरपूर अल्कोहोल असतं हे विसरू नये. चुलीजवळ, समईजवळ, पेटत्या विडीजवळ फवारणी नको आणि कुपी पोरांच्या हाताला लागू नये.

अस्सल की बनावट?

डीकँटमधला खरा गोंधळ इथं आहे. मोठी बाटली घेताना निदान खोकं, सील, छपाई, टोपणाचं वजन तपासता येतं. कुपीत नुसतं पिवळसर पाणी दिसतं. विकणारा बाटलीचा व्हिडिओ पाठवतो, पण व्हिडिओतली बाटली आणि आलेली कुपी यांचा संबंध कशावरून? बाटलीच्या बुडावरचा बॅच क्रमांक मोबाईलवर तपासला की खरेपणा कळतो असं अनेकांना वाटतं. त्यावरून फार तर ती बॅच कधी बनली ते कळतं. खऱ्या बाटलीवरचा क्रमांक नकली बाटलीवर छापायला काही लागत नाही.

पहिली कसोटी गणिताची आहे. मूळ बाटलीचा मिलीचा भाव काढायचा. डीकँट त्याच भावात किंवा त्याच्याही खाली मिळत असेल तर विकणाऱ्याला काय परवडतं, हा प्रश्न विचारायला हवा. एखाद्याला बाटली सवलतीत किंवा विमानतळावरच्या करमुक्त दुकानात मिळालेली असू शकते, पण ती सूट थोडी असते. बारा हजारांच्या परफ्यूमची दहा मिली दोनशे रुपयांत मिळते तेव्हा तिथं सवलतीचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी कसोटी नाकाची. पुण्याला किंवा मुंबईला कामानिमित्त जाणं होतंच. तेव्हा कंपनीच्या अधिकृत काउंटरवर जाऊन तो परफ्यूम एका पट्टीवर आणि एका मनगटावर मारून घ्यावा. त्याला पैसे पडत नाहीत. पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणावी आणि कुपीतला वास दुसऱ्या पट्टीवर मारून दोन्ही एकाच वेळी बघावेत. पट्टी जुनी झालेली असल्यानं सुरुवातीचा वास जुळणार नाही, तळाचा जुळायला हवा. नकली मालात बहुधा सुरुवात बरी जमवलेली असते, दोन तासांनी मात्र नुसता स्पिरिटचा किंवा कुठल्यातरी गोड पावडरचा वास उरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘टेस्टर पीस’ हा शब्द. कंपन्या दुकानांना ग्राहकांना दाखवण्यासाठी साध्या खोक्यात, बऱ्याचदा टोपणाशिवाय, खऱ्या बाटल्या देतात. त्यांना टेस्टर म्हणतात. त्या मोजक्या असतात. रस्त्याकडेला शेकड्यानं ‘टेस्टर’ दिसू लागले तर ते कुठून आले, याचा विचार घेणाऱ्यानंच करायचा आहे. कंपन्या स्वतःही दीड-दोन मिलीच्या सीलबंद नमुना-कुप्या काढतात, काही देशी कंपन्या छोट्या कुप्यांचे संचही विकतात. असा संच थेट कंपनीकडून मिळत असेल तर डीकँटच्या भानगडीत पडायची गरजच नाही.

फर्स्ट कॉपी आणि मिळताजुळता परफ्यूम यांत गल्लत होते, तीही दूर करायला हवी. दुबईच्या बाजूच्या अनेक कंपन्या नामांकित वासांशी साम्य असलेले परफ्यूम स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खोक्यात, घटक छापून विकतात. आर्माफचा क्लब द नुई इन्टेन्स मॅन हा अव्हेंटसच्या वळणाचा म्हणून शौकिनांत प्रसिद्ध आहे आणि त्याची किंमत अव्हेंटसच्या मानानं किरकोळ आहे. तो उघडपणे आर्माफ म्हणून विकला जातो. फर्स्ट कॉपीवर दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह असतं, आत काय आहे याची जबाबदारी कुणाचीच नसते. अंगाला लावायच्या वस्तूत हा फरक पैशांपेक्षा मोठा आहे. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार बनावट चिन्हाचा माल बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

गावातल्या काही पोरांना डीकँट विकण्याचा जोडधंदा करावासा वाटतो. त्यांनी याच कायद्याचं कलम ३० वाचावं, जमल्यास वकिलाकडून समजून घ्यावं. रीतसर विकत घेतलेला अस्सल माल पुढं विकायला हा कायदा मुभा देतो. पण बाजारात आल्यावर मालाची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल तर चिन्हाचा मालक हरकत घेऊ शकतो. बाटलीतून काढून दुसऱ्या कुपीत भरणं या रेषेच्या अगदी जवळ जातं. कुपीवर कंपनीचं चिन्ह छापून ती कंपनीनंच भरल्यासारखी दाखवणं तर सरळ अडचणीत नेणारं. परफ्यूम हे सौंदर्यप्रसाधन धरलं जातं, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाचाही त्याच्याशी संबंध येतो.

फसवणूक झालीच तर पैसे पाठवल्याची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जवळ असावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. नुसत्या इन्स्टाग्रामच्या खात्यावर, नाव-पत्ता-बिल काही न देता विकणाऱ्याकडून घेतलं असेल तर तक्रार कुणाविरुद्ध करायची इथूनच प्रश्न सुरू होतो. म्हणून पहिली ऑर्डर कायम छोटी, दोन मिलीची द्यावी. आणखी एक, परफ्यूम ज्वलनशील मालात मोडतो, त्यामुळे कुरिअरवाले तो बहुधा रस्त्यानंच पाठवतात. लग्न रविवारी आणि ऑर्डर गुरुवारी, असं जमत नाही.

दहा जणांत एक बाटली

विकत घेण्याऐवजी मित्रांनी मिळून एक बाटली आणायची आणि वाटून घ्यायची, हा त्याहून सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे. बारा हजारांची बाटली दहा जणांत घेतली तर प्रत्येकी बाराशे आणि कुपीचे वेगळे. खरेदी अधिकृत दुकानातून, बिल सगळ्यांसमोर, बाटली सगळ्यांसमोर उघडलेली. खरं-खोटं करायचा प्रश्न नाही. भिशीला जेवढा विश्वास लागतो तेवढाच इथं लागतो.

वाटताना थोडी काळजी घ्यावी. बाटलीवरचं दाबायचं बटण हळूच वर ओढलं की बहुतेक वेळा निघतं आणि खाली बारीक नळी दिसते. त्यावर बसणारी प्लॅस्टिकची छोटी नळी ऑनलाइन मिळते. ती लावून पंपासारखं दाबत कुपी भरायची. ती नसेल तर कुपीच्या तोंडाशी नेऊन सरळ फवारत भरता येतं, पण त्यात चार-सहा मिली हवेत जातात आणि बोटं दुखून येतात. कुपी काचेचीच हवी. डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली, सर्दीच्या औषधाची बाटली किंवा जनावरांच्या इंजेक्शनची सिरिंज धुऊन वापरायचा मोह टाळावा. आधीच्या औषधाचा अंश राहतो, आणि काही प्लॅस्टिक अल्कोहोलनं खराब होतं. कुपी गळ्यापर्यंत भरू नये, उन्हाळ्यात द्रव फुगतो, थोडी जागा सोडावी. नळजोडणीला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे मारली की गळती थांबते. कुपीवर पूर्ण नाव आणि भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद असताना करावं.

छोट्या कुपीत द्रवाच्या मानानं हवा जास्त असते, म्हणून ती मोठ्या बाटलीपेक्षा लवकर उतरते. सहा महिने ते वर्षभरात वापरून टाकावी. कपाटात, अंधारात ठेवली तर टिकते. मोटारसायकलच्या डिकीत ठेवली तर आपल्या उन्हात महिन्याभरात वासाचा चोथा होतो.

कुपी संपत आली की प्रश्न येतो, आता बाटली घ्यायची का? इथं पुन्हा थोडं गणित. रोज कामावर जाताना चार फवारे मारणाऱ्याला शंभर मिली आठ महिने ते वर्षभर पुरते, त्याला आवडला असेल तर बाटली घेणं फायद्याचं. पण गावाकडच्या बहुतेकांचा वापर लग्न, साखरपुडा, सण एवढ्यापुरताच असतो. वर्षात बारा कार्यक्रम आणि दर वेळी चार फवारे धरले तर अठ्ठेचाळीस फवारे झाले, म्हणजे जेमतेम पाच मिली. त्या हिशेबानं शंभर मिलीची बाटली संपायला वीस वर्षं लागतील, आणि इतकी वर्षं उन्हाळे काढून तिचा वास आज आहे तसा राहणार नाही. अशा माणसाला दर लगीनसराईला पाच मिलीची एक कुपी पुरते.